चार चांदण्यांचा पहिला अल्बम

मुंबईत जे जे नवीन निघतं ते किन्हवलीत त्याहून चांगलं करून दाखवता येतं, अशी खात्री बाळगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. नव्वदच्या दशकात आमच्या या मेव्हण्यांनी घराच्या पत्र्यावर भलीमोठी छत्री बसवली, गावभर वायरी ओढल्या आणि केबलचा धंदा सुरू केला. छत्री फिरवायला स्वतः पत्र्यावर चढायचे आणि वरून ओरडायचे, "आता दिसतंय का?" खालून कुणी "नाय" म्हणालं तर त्याच्या डोळ्यांत दोष आहे असं ठरवून खाली उतरायचे. पुढे त्यांनी गावापुरती स्वतःची वाहिनी काढली. तिच्यावर बारशी, पूजा, क्रिकेटचे सामने आणि बऱ्याचदा ते स्वतः दिसायचे. भाताला खत कधी घालावं इथपासून अमेरिकेचं काय चुकतंय इथपर्यंत सगळं सांगायचे. शहापूरच्या शाळेत मी मराठी शिकवतो, पण त्यांच्यासमोर मला मराठीसुद्धा कमी येत असे.

दोन हजार सालानंतर एकदा त्यांनी टीव्हीवर पाहिलं, की अनोळखी मुली निवडून त्यांचा गाण्याचा बँड बनवतात, निवडही टीव्हीवरच दाखवतात आणि मग त्यांचा अल्बम काढतात. दुसऱ्याच दिवशी ते शहापूरला माझ्या दारात हजर. "भावोजी, आपण पण करायचा. तुमी गाणी लिवा." मी म्हणालो, मला गाणी लिहिता येत नाहीत. ते म्हणाले, "म्हणून तर तुमाला सांगतो. कवी लोक लय टाइम घेतात."

निवडीला अकरा जण आले. त्यातले सात जण केबल दिसत नाही ही तक्रार घेऊन आले होते. उरल्या तीन मुली आणि मुरबाडहून दुधाचा टेम्पो घेऊन आलेला, मिशा राखलेला चालक. तो फक्त रिकामे कॅन न्यायला थांबला होता. मेव्हण्यांनी चौघांनाही निवडून टाकलं. मी हळूच म्हणालो, "यांचं गाणं तरी ऐका." "भावोजी, टीव्हीचा बँड हाय, आधी चेहरा. गळ्याचं नंतर बघू." बँडचं नाव आधीच ठरलं होतं: चार चांदण्या. मिशीवाल्या चांदणीने थोडी कुरकुर केली, पण त्याला मधोमध उभं करायचं ठरल्यावर तोही गप्प झाला. चौघांची तालीम रोज संध्याकाळी सात ते साडेसात दाखवली जायची आणि अख्खी किन्हवली ती बघायची. या अफाट लोकप्रियतेचं रहस्य साधं होतं: त्या अर्ध्या तासात मेव्हणे बाकीच्या सगळ्या वाहिन्या बंद ठेवायचे.

अल्बमचं नाव 'पिक्चर क्लिअर'. ध्वनिमुद्रण घरामागच्या भाताच्या कोठारात झालं, कारण पोत्यांमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही हा मेव्हण्यांचा शोध. आतला आवाज बाहेर गेला नाही, हा गावाला झालेला फायदा. कीबोर्डवाला लग्नाच्या वरातीतला, त्याला एकच ठेका यायचा, त्यामुळे माझं विरहगीतसुद्धा नवरदेव घोड्यावर बसल्यासारखं निघालं. मुख्य गायिका सुगंधा गावातल्या शिंप्याची मुलगी. दिसायला चुणचुणीत, पण वरचा सूर आला की डोळे घट्ट मिटायची, आणि तिच्याबरोबर आम्हीही मिटायचो. एकटे मेव्हणे डोळे उघडे ठेवून मान डोलवायचे. "काय लागलाय आवाज!" आवाज कुणाला लागला हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

प्रकाशनाला त्यांनी शहापुरात मंगल कार्यालय घेतलं. चमकीचे कपडे घालून चांदण्या मंचावर आल्या. बेत असा, की कॅसेट वाजेल आणि या नुसते ओठ हलवतील. भरदुपारी पहिल्या कडव्यातच लाईट गेली. कॅसेट रडत रडत थांबली, चार तोंडं मात्र हलतच राहिली. सभागृहात हशा उसळला. मेव्हणे पडद्याआडून ओरडले, "गा गं, गा!" आणि त्या खरंच गायल्या. लोक पोट धरून हसत होते, शिट्ट्या मारत होते. मी खुर्चीत इतका खाली घसरलो, की शेजारच्याने मला बरं वाटत नाही का विचारलं. सहाच्या सहा गाणी झाली. मेव्हणे घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "पायलंत? लोक किती खूश झाले!"

वर्षभरात सुगंधाचं लग्न होऊन ती मुरबाडपलीकडे, घाटाच्या पायथ्याशी वैशाखऱ्याला गेली. दुसऱ्या अल्बमसाठी सासरची परवानगी काढायला मेव्हणे मला घेऊन तिच्या घरी गेले. वाटेत त्यांनी सासूशी घालायच्या वादाची तीनदा उजळणी केली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "जाऊ दे की. गाण्यात काय वाईट हाय?" नाही म्हणाली ती सुगंधा.

"काका, आमाला गाता येत नाय. चौघांनाबी ठाऊक व्हतं."

मेव्हणे हसले. "कोण म्हणतो येत नाय?"

"तुमी सोडून समदेच म्हणतात." चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून ती खाली बघत बोलली, "शहापूरला लाईट गेली तवा आमी मागच्या दारानं पळणार व्हतो. पण पडद्याआड तुमी एकटेच टाळ्या वाजवत व्हता. तुमाला सोडून कसं जायाचं? म्हणून गायलो."

मेव्हण्यांनी चहा संपवला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, सासूबाईंना नमस्कार केला आणि बाहेर पडले. घाटातून उतरणाऱ्या एसटीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "भावोजी, तुमालाबी ठाऊक व्हतं?"

मी वळणाकडे बघत राहिलो. एसटी आली, आम्ही चढलो. मुरबाडपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. लग्न झाल्यापासून या माणसाने घटकाभर गप्प बसावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. त्या दिवशी मात्र सारखं वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं. अमेरिकेचं, खताचं, धडधडीत खोटं, काहीही.