पूजेला बसवलेला सर्व्हर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. तासगावचं हे एक मात्र कालच घडल्यासारखं डोळ्यांपुढे येतं, आणि त्या ठाण्याची, तिथल्या माणसांची आठवण येऊन जीव हळवा होतो.

दसरा नुकताच झाला होता. बागांत छाटण्या चालू होत्या. सकाळची हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तोच बेदाणा विकणाऱ्या एका शेतकरी गटाचे अध्यक्ष तणतणत आत आले. गटाच्या वेबसाइटवर कुणीतरी शिरून ऑर्डरच्या पानावर स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. ऐन दिवाळीच्या तोंडावरचं गिऱ्हाईक भलतीकडेच चाललं होतं.

संशयिताचं नावही ते तयारच घेऊन आले होते. सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला एक हवालदार गटाची वेबसाइट सांभाळायचा.

"आमी इकतचं सॉफ्टवेअर घ्या म्हणत व्हतो, साहेब. ह्यानं हट्टानं फुकटचं बसवलं. सोताला आत शिरायला वाट ठेवली असणार, दुसरं काय?"

तक्रारदार फारच खात्रीने बोलू लागला की मी जरा सावकाश घेतो. फिर्याद अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवली आणि हवालदाराला चौकशीसाठी बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. माजी सैनिकांना घेणाऱ्या सुरक्षा दलात त्याची पुन्हा निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्याच ठाण्यातून जायचा होता. या गुन्ह्यात नाव आलं असतं तर ती नोकरी हातची गेली असती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"फुकटचंच का निवडलं?" मी विचारलं.

"साहेब, सर्व्हरचं ते सॉफ्टवेअर जगभर लय लोक वापरत्यात. कुठं भोक सापडलं की दुरुस्ती लगीच येती. महाग हाय म्हणून कुलूप पक्कं असतंय, असं न्हाई."

नको असलेल्या सगळ्या वाटा त्याने बंद केल्या होत्या. नुसत्या पासवर्डवर कुणाला आत येता येत नव्हतं. दुरुस्त्याही तो कार्यालयात येऊन स्वतःच्या हाताने बसवायचा.

"मग चोर शिरला कुठून?"

"एक दुरुस्ती बसवायची ऱ्हायली. चूक माजी हाय."

"का राहिली?"

तो गप्प. पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, तरी गप्पच. इतकी सहज मिळालेली कबुली मला कधीच पचली नाही.

पंचनाम्यासाठी गटाच्या कार्यालयात गेलो. मशीन डोळ्यांसमोर हवं, या अध्यक्षांच्या आग्रहाने सर्व्हर तिथेच कोपऱ्यात होता. त्यावर सुकलेला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे नारळ. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं.

"आवं साहेब, खंडेनवमीला पुजलंय की. दसऱ्यापातूर हात लावायचा नसतोय. हवालदारभाऊ आलं व्हतं कायतरी बसवायला, अध्यक्षांनी दारातनंच माघारी धाडलं."

मला हसू आलं नाही. आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते, बंदुका ओळीने मांडतो. पण दारावरच्या पहारेकऱ्याची बंदूक कुणी पूजेत ठेवत नाही. इथे चालू सर्व्हर पूजेला बसवला होता आणि दार साऱ्या जगाला उघडं.

सांगलीच्या सायबर शाखेने तेच कळवलं. चोर बाहेरचा होता, न बुजवलेल्या त्याच भोकातून पूजेच्या काळात शिरलेला. पुढे तो परराज्यात सापडला. हवालदाराचा काडीचाही संबंध नव्हता.

अध्यक्ष आणि हवालदार दोघांना समोरासमोर बसवून मी हे सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"मग बोलला का न्हाईस रं?"

"नाना, तुमी हात लावू नको म्हणाला, मी थांबलो. मागनं तुमच्याच नावानं बोंब मारू व्हय?"

चौकशीत गप्प बसणारा प्रत्येक जण काही लपवत असतो, असं मी तोवर धरून चालत होतो. काही माणसं दुसऱ्याची अब्रू राखत असतात. हे मला त्या खोलीत कळलं, आणि त्या हवालदाराबद्दल फार आदर वाटला.

अध्यक्षांनी कुणी न सांगता जबाब दिला, हवालदाराला आपणच अडवलं होतं असा. सही केली, पण उठले नाहीत.

"साहेब, चारित्र्याच्या कागदावर गावातल्या दोन माणसांची सही लागती न्हवं?"

"लागते."

"पयली माजी घ्या."