दोन दारं आणि आत्याचा नवस

आमच्या नव्या गाडीला दोन दारं आहेत आणि ती दोन्ही पुढं बसणाऱ्यांची आहेत. मागं बसणाऱ्यानं काय करायचं, हे गाडी बनवणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. पाठीमागं तिसरं एक दार आहे, पण त्यावर स्टेपनी टांगलीय. म्हणजे ते स्टेपनीचं दार.

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. घर ते दुकान दीड किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, मध्ये दोन स्पीडब्रेकर. एवढ्यासाठी मी डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, चारी चाकांना जोर देणारी गाडी घेतली. (स्पीडब्रेकर मात्र झकास चढते!) बायको, म्हणजे मंजू, शोरूममध्येच म्हणाली होती, "अहो, चार दारांची घ्या." त्यावर मी विक्रेत्याच्या देखत ऐटीत म्हणालो, "दारं मोजून गाडी घेतात का कुणी?" हे वाक्य मला पुढं महिनाभर जेवताना वाढलं गेलं.

गाडी घरी आली आणि तिचे गुण दिसायला लागले. काच खाली करायचं बटण दारावर नाही, दोन सीटांच्या मधोमध आहे. पहिला आठवडा मी दार चाचपत बसायचो आणि बाहेरच्या माणसाशी बंद काचेतून हातवारे करून बोलायचो. मागच्या काचा तर उघडतच नाहीत. पाठीमागची काच स्टेपनीनं निम्मी झाकलीय. म्हणजे लोकांना लांबचं-जवळचं दिसावं म्हणून चष्मे विकणाऱ्या मला स्वतःच्या मागं काय आहे ते दिसत नाही! आणि पुढच्या सीटवर किलोभर वजन जरी ठेवलं तरी 'पट्टा बांधा' म्हणून गाडी कोकलते. एकदा मी लाल भोपळ्याला पट्टा बांधून मंडईतून घरी आणलाय. सीटांवरच्या प्लॅस्टिकचा दोष मात्र गाडीचा नाही, माझा. देवीला दाखवल्याशिवाय नव्या गाडीचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

देवीचं प्रकरण निघालं ते तानूआत्यामुळं. ही माझी सख्खी आत्या, कुंडलला असते, वय शहात्तर, गुडघे कुरकुरतात पण जीभ कुरकुरत नाही. मागं एकदा मोतीबिंदू दाखवायला तिला स्कूटरवरून सांगलीला आणताना मी तिला वाटेत एका खड्ड्यात सांडलं होतं. तिथंच, खड्ड्यात बसूनच, ती औंधच्या यमाईला नवस बोलली की भाच्याला चारचाकी मिळू दे, येऊन ओटी भरीन. गाडी आल्याचं कळताच तिचा फोन आला.

"सुधा, मंगळवारी न्हे मला औंधाला. वाट बरी हाय का, गाडीला जमंल का?"

"आत्या, ही गाडी कुठंही जाते!" मी म्हणालो. हेही मी बोलायला नको होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही कुंडलला पोचलो. आत्या ठेवणीतलं इरकल नेसून, ओटीची पिशवी घेऊन तयार होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओटी भरल्यावरच पाणी, असा तिचा नेम.

"आत्याबाई, तुम्ही पुढं बसा, ऐसपैस," मंजू म्हणाली.

"आगं न्हाई. नव्या गाडीत देवीला जाताना घरची लक्ष्मी पुढं बसती, मांडीवर नारळ घिऊन. मी बसती मागं. दार उघड रं सुधा."

मी पुढचं दार उघडलं.

"मागचं."

"हेच."

आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. माझ्याकडं बघितलं. परत एक चक्कर मारली. मग मी पुढची सीट दुमडून दाखवली. मागं जायला साधारण एक शेळी जाईल एवढी फट तयार झाली. गाडी उंच, पायरी वेगळी विकत घ्यावी लागते (ती अजून यायची होती), म्हणून टोमॅटोचा कॅरेट उलटा घातला. आत्या त्यावर चढली, मंजूनं आतून ओढलं, मी बाहेरून रेटलं, आणि यमाईचं नाव घेत आत्या आत गेली. प्लॅस्टिकवर बसली ती सुर्रकन घसरत थेट पलीकडच्या काचेला लागली.

"खिडकी उघड बाबा, गुदमारतंय."

"ती उघडत नाही आत्या."

"मंग काच कशाला म्हंतोस? भित म्हन की."

मी गाडी सुरू केली आणि गल्लीतून बाहेर पडायला रिव्हर्स टाकला. गाडी टूंटूं करायला लागली आणि मागनं आवाज आला, "थांब! मागं घिऊ नगं!"

"का? कोण आहे मागं?"

"कोन न्हाई. देवीला निघालं की पाऊल मागं घ्यायचं न्हाई. चाक बी न्हाई. ओटी भरस्तवर गाडी म्होरंच जायाची."

"अगं, पुढं गल्ली बंद आहे!"

"कुटंबी जाती म्हनलास न्हवं फोनवर?"

झालं! आता डोकं घातलंच होतं उखळात. शेजाऱ्याच्या अंगणातून, गोठ्याच्या मागनं, शेणाच्या ढिगाला वळसा घालून मी गाडी काढली. वाटेत एक धुण्याची दोरी आडवी आली. दोरी वाचली, पण कुणाचा तरी पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा टपावरच्या एरियलला अडकून आमच्याबरोबर निघाला. तो काढायला थांबावं तर शेजारीण काठी घेऊन येत होती. तशीच लेंगा फडफडवत आमची स्वारी कुंडलच्या वेशीबाहेर पडली. कॅरेट आत्याच्या दारातच राहिला, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कडेगावात मी वळण चुकलो. साधं चार हात मागं घ्यायचं काम! पण मला वळायला मोकळं मैदान सापडेपर्यंत लांब जाऊन यावं लागलं. (ही गाडी वळायला एवढी जागा घेते की लग्नाचा मांडव उभा राहील.) आत्या प्रत्येक वळणाला प्लॅस्टिकवरून या काचेपासून त्या काचेपर्यंत जात होती आणि प्रत्येक खेपेला "यमाई!" म्हणत होती. मंजू समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीची दारं मोजत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यामुळं मला त्याचा अर्थ कळत होता.

पुसेसावळीच्या पुढं मोरीचं काम चालू होतं, म्हणून गाड्या शेतातल्या कच्च्या वाटेनं सोडल्या होत्या. एका गाडीपुरती वाट, दोन्ही बाजूला शेतं. निम्म्यात आलो आणि समोरनं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला.

"सायेब, जरा मागं घ्या. मला दोन ट्रॉल्या हायती, रिवस यीत न्हाई."

"मलाही येत नाही," मी म्हणालो.

"नवीन शिकलाय व्हय?"

"लायसनला वीस वर्षं झाली! आत्या मागं घेऊ देत नाही."

त्यानं काचेला नाक लावून आत बघितलं. आत्यानं त्याला सगळं सांगितलं. काच बंद असल्यामुळं ओरडून सांगितलं. मला वाटलं, हा तरुण माणूस तिला चार शब्द सुनावेल. तो टोपी काढून म्हणाला, "आज्जीचं खरं हाय सायेब. देवीच्या वाटंवर मागं सरकायचं न्हाई. आमच्यात बी न्हाई घेत."

आता दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात मला माझ्या गाडीची आठवण झाली. म्हणजे मी तिच्यातच बसलो होतो, पण तिच्या खऱ्या जातीची आठवण झाली! गिअरच्या शेजारी दुसरा एक छोटा दांडा होता, चारी चाकांना जोर देणारा. महिनाभर मी त्यावर नुसती पिशवी अडकवत होतो.

"बाजूच्या रानातनं काढतो," मी म्हणालो.

"सायेब, त्या रानाला—" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"ही गाडी कुठंही जाते!" असं म्हणून मी काच वर केली. (बटण पहिल्या झटक्यात सापडलं. त्या दिवशी मला जमलेली तेवढी एकच गोष्ट.)

छोटा दांडा ओढला, गाडी वाटेवरून खाली उतरवली, दहा पावलं रुबाबात गेलो. मग गाडी शांतपणे खाली बसली. चाकं फिरत होती, चिखल टपावरच्या लेंग्यापर्यंत उडत होता, गाडी मात्र म्हशीसारखी बसून होती. ट्रॅक्टरवाला बांधावरून ओरडला, "सकाळीच पाणी पाजलंय त्या रानाला! त्येच सांगत हुतो!"

माणूस चांगला होता. ट्रॅक्टर वाटेनं जरा पुढं नेऊन त्यानं शेवटच्या ट्रॉलीच्या शेपटाला साखळी बांधली आणि दुसरं टोक आमच्या गाडीला लावायला आला. माझ्या गाडीचं तोंड रानात, पाठ वाटेकडं. साखळी पाठीमागंच लागणार होती. म्हणजे गाडी निघणार होती ती मागं, आणि तीही कुंडलच्या दिशेला!

"न्हाई," आतनं आत्या म्हणाली.

"आत्या, दुसरा इलाजच नाही."

"मी आत हाय तवर गाडी मागं जानार न्हाई."

"मग तू खाली उतर घटकाभर."

सीट दुमडून बघितली. खाली घोट्यापर्यंत चिखल, गाडी उंच, आणि कॅरेट कुंडलला. शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना मी तिथं उडी मार म्हणणार होतो! मंजू माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "दारं मोजून गाडी घेतात का कुणी?"

दुपारचा दीड वाजला होता. आत्याचे ओठ सुकले होते. ती प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात पदरानं वारा घेत बसली होती आणि एकाएकी मला फार लहानखुरी दिसली. मला भीती वाटली. लाजही वाटली. माझ्या हौसेपायी मी या म्हातारीला चाकांवरच्या पेटीत कोंडून उन्हात चिखलात आणून रुतवलं होतं.

"आत्या, पाया पडतो, दोन घोट पाणी पी. देवी काही म्हणणार नाही."

"देवी न्हाई म्हनायची. मी म्हनंन की." मग तिनं मागच्या काचेकडं बघितलं, पुढं बघितलं, परत मागं बघितलं. "सुधा, आपून गाडी कशाला फिरवायची? तोंड फिरवू की!"

आणि आत्यानं पाय वर घेतले, हातानं सीटला रेटा दिला आणि त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर भवऱ्यासारखी गर्रकन फिरली. मागच्या काचेकडं तोंड करून, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, मांडी घालून बसली.

"हां! आता वाट माज्याम्होरं हाय. जिकडं माजं तोंड तिकडं म्होरं. मंजे, तू बी फीर, नारळ घिऊन."

मंजूही फिरली. नारळ फिरला. ट्रॅक्टरवाल्यानं "आता शास्तर बसलं!" म्हणून साखळी लावली. मला मात्र फिरता येईना, कारण स्टिअरिंग धरायचं होतं. ट्रॅक्टर गरजला, गाडी चिखलातून फुस्सकन निघाली आणि वाटेवर आली. त्या दोघी नियमानुसार पुढं गेल्या. मागं गेलो तो मी एकटा.

औंधच्या गावातल्या देवळाशी पोचलो तेव्हा फुलवालीचं स्टूल मागून आत्याला उतरवलं. चिखलानं माखलेली गाडी आणि वर फडकणारा लेंगा बघायला बरीच माणसं जमली होती. आत्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. गाभाऱ्यापुढं पिशवी सोडली, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ देवीपुढं ठेवला. खण हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत पिशवीत टाकला!

"आत्याबाई, खण राहिला," मंजू म्हणाली.

"ऱ्हायला न्हाई, ठिवलाय." मग आत्या हात जोडून देवीशी मोठ्यानं बोलली, "आई, चारचाकी मागितली, दिलीस. चाकं चार हायती, मी मोजली. पर दारं निम्मीच हायती. म्हनून मी बी निम्मी ओटी भरलीय. ऱ्हायलेली दोन दारं धाड, खण घिऊन येती."

गुरव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. आत्या तांब्याभर पाणी एका दमात प्यायली, आणि माझ्या जिवात जीव आला.

"चल आत्या, आता रिव्हर्स घेतला तरी चालेल ना?" मी किल्ली काढत विचारलं.

"घे की, हवा तेवढा घे. मी न्हाई येत त्यात." समोर विट्याची यष्टी उभी होती, तिच्याकडं बोट करून ती म्हणाली, "तिला दार एकच हाय, पर ते समद्यांचं हाय." दांडा धरून ती चढलीसुद्धा! गुडघ्यांची कुरकूर बहुतेक फक्त माझ्या गाडीसाठी होती. "आत्याबाई एकट्या कशा जातील?" असं म्हणून मंजूही तिच्यामागं चढली. चढण्याआधी प्रसादाचा नारळ तिनं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला.

गाडी कोकलली. मी नारळाला पट्टा बांधला आणि यष्टीच्या मागं निघालो. यष्टीच्या शेवटच्या सीटवर आत्या मागं तोंड करून बसली होती आणि काचेतून मला हात हलवून दाखवत होती. जिकडं तिचं तोंड तिकडं पुढं, असं तिचंच शास्त्र. म्हणजे नव्या गाडीत बसून मी एकदाचा सगळ्यांच्या पुढं होतो, टपावर लेंगा, शेजारी नारळ आणि नाकातोंडात यष्टीचा धूर घेऊन!