भाषेचे चार गुण

आमच्या मिरजेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर आधी जो गृहस्थ बसायचा, तो कुणाच्या तरी मेहुण्याचा मेहुणा होता. तेवढीच त्याची पात्रता. पाय मोडलेल्या माणसाला तो डोळ्यांच्या विभागात वरच्या मजल्यावर धाडायचा आणि वर त्याच्यावरच खेकसायचा. तो आपणहून सोडून गेला तेव्हा आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की कार्यालय तुम्ही सांभाळता, तेव्हा या वेळी माणूस तुम्हीच पारखून घ्या. वशिल्याचं तट्टू पुन्हा नको.

न्याय करायचा म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. मी नियमांचा एक कागदच काढला. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. प्रत्येकाने आपापल्या कागदावर गुण द्यायचे आणि एकदा दिलेला आकडा बदलायचा नाही. शेवटचा नियम आमच्या मुलखासाठी खास होता: उमेदवाराला गाव, आडनाव किंवा मामाचं गाव विचारायचं नाही. जो विचारेल त्याने बिनसाखरेचा चहा प्यायचा.

हा नियम डॉक्टरांच्या थोरल्या भावासाठी होता. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, कृष्णाकाठचे ऊसवाले. समोरच्या माणसाशी आपलं नातं कुठून लागतं हे कळल्याखेरीज त्यांना बोलायलाच सुचत नाही. निवड करायला ते, मी आणि आमच्या मोठ्या सिस्टर, असे तिघे बसलो. पहिल्याच उमेदवाराला त्यांनी विचारलं, तुमच्याकडची जत्रा कधी असते? दुसरीला विचारलं, तुमच्याकडं कुठल्या धरणाचं पाणी? मी प्रत्येक वेळी मुकाट्याने फिका चहा त्यांच्यापुढे सरकवला. सुभेदार म्हणाले, या न्यायानं आपली साखर नक्की आटोक्यात येणार.

प्रश्नांआधी एक छुपी परीक्षा होती. आमच्या सफाईच्या मावशींना मी बहिऱ्या पेशंट आजी बनवून बाहेरच्या बाकावर, उघड्या दारातून आम्हाला दिसेल असं बसवलं होतं, मांडीवर जुन्या कागदांनी गच्च भरलेली पिशवी. मावशींना हौस दांडगी. पहिल्या उमेदवारापुढे त्यांनी असं काही कण्हून दाखवलं की आतून दोन नर्स व्हीलचेअर घेऊन धावत आल्या. तो उमेदवार सगळा वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. दुसरी, सांगलीची, गोड बोलणारी, शुद्ध आणि ठसठशीत. तिने मावशींना पाणी दिलं, रांग दाखवली. चांगलंच केलं, उगाच नावं ठेवणार नाही.

तिसरी बाई पस्तिशीची. तिने पिशवी मांडीवर घेतली, कागद तारखेप्रमाणे लावले, मग एक एक्स-रे उजेडात धरून त्यावरचं नाव वाचलं.

"आज्जी, ह्यो फोटू तुमचा न्हाई," ती मावशींच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "गड्याचा हाय. कुणाचा आणलासा?"

मावशींनी अडगळीतून हाताला लागेल तो उचलला होता आणि आम्हा तिघांपैकी कुणीही तो बघितला नव्हता.

आत आल्यावर तिने प्रश्नांची उत्तरं नीट दिली. संगणकही सफाईने चालवला. सुभेदारांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडं टँकर कधी सुरू होतो? ती हसली, म्हणाली, आमच्या माणात कदी कदी दिवाळीपास्नंच. माण तालुका पकडला गेला आणि तिसरा चहा आला. नवरा मुंबईला कामाला होता, ती मुलांच्या शाळेसाठी इथे खोली घेऊन राहत होती. उठताना तिनेच आम्हाला विचारलं.

"बोलण्यावरनं दोन दवाखान्यांत न्हाई म्हणाले मला. हितंबी तसंच आसंल तर आत्ताच सांगा. मी दुसरीकडं बगती."

मी मान ताठ करून सांगितलं, इथे फक्त काम बघतात. ती गेली. मी माझा कागद पुढे ओढला आणि भाषेच्या रकान्यात तिला दहापैकी चार गुण दिले. सांगलीच्या मुलीला नऊ.

सिस्टरांनी बेरीज केली. सांगलीची मुलगी पहिली, माणची बाई दोन गुणांनी मागे. सिस्टर माझ्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मॅडम, आपल्या रांगेतली अर्धी माणसं हिच्यासारखीच बोलतात, मग चार कसे? मी पेन उचललं आणि चाराचे आठ करायला निघाले. सुभेदारांनी कागदावर हात ठेवला.

"कायदा तुमचाच हाय, आकडा बदलायचा न्हाई. आन आता फिका च्या परत आला तरी चालंल, पण मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

हा प्रश्न आला की मी सातारा सांगते. खोटं नाही, जिल्हा तोच. पण खरं सांगितलं तर माझं पेन गाववालीसाठी उचललं गेलं असंच दिसणार, आणि तिची नोकरी तिथेच जाणार. नाही सांगितलं तर माझ्या नियमांचा कागद चुलीत घालायच्या लायकीचा. सांगून टाकलं: माण. दहिवडीच्या पलीकडे. घरी आम्हीही हाय-न्हाईच बोलायचो. शाळेत त्यावरून हसले, तेव्हापासून जीभ घासूनपुसून घेतली. ती बोलायला लागली तशी मला माझीच लाज वाटली, म्हणून चार.

मग सुभेदारांनी फौजी हिशेबाने निकाल दिला: साक्षीदारच नात्यातला निघाला, त्याची साक्ष बाद. माझा कागद त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. सिस्टरांनी उरलेल्या दोन कागदांची बेरीज पुन्हा केली. माणची बाई पहिली आली, चांगली तीन गुणांनी.

म्हणजे त्या टेबलावर वशिला एकच होता, माझा, आणि तो माझ्याच माणसाच्या वाटेत आडवा पडला होता. मी हसायला बघत होते, पण डोळे भरून आले. फोन मलाच करायचा होता. तिने उचलला आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, न्हाई म्हणायचं आसंल तर तसं सांगा.

"न्हाई कशाला म्हणू," मी म्हणाले. "सोमवारपास्नं या."

खोलीत सिस्टर आणि सुभेदार दोघेही माझ्याकडे बघत होते. मी बघू दिलं.