पाय सरांचे

उमरखेडच्या स्टँडवर मी नांदेडच्या गाडीत बसले, तेव्हा बाबांनी खिडकीतून पुन्हा विचारलं, "लायसन घेतलं ना पर्समधी?" पासपोर्ट, व्हिसा, नर्सिंगची प्रमाणपत्रं यांची त्यांनी एकदाही चौकशी केली नाही. ती मी एकटीने मिळवली होती, म्हणून बाबांचा त्या कागदांवर फारसा विश्वास नसावा. लायसन मात्र त्यांच्या ओळखीच्या मोटार स्कूलच्या सरांनी काढून दिलं होतं. "गाडी येते तुले. मंग कायचं भेव?" असं म्हणून ते मागे सरकले. त्यांच्या शेजारी माझ्या भावाची बायको, म्हणजे आमची वहिनी, उभी होती. ती माझ्याकडे अशा कौतुकाने पाहत होती, जणू ती एसटी मीच चालवत नेणार होते.

मी वेल्समधल्या एका लहान गावी निघाले होते. डोंगरात विखुरलेल्या घरांमध्ये जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इन्सुलिन द्यायचं, असं काम. नोकरीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की गाडी चालवता आली पाहिजे आणि वर्षाच्या आत तिथलं लायसन मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. ते वाक्य मी निर्धास्तपणे वाचलं होतं. गाडी येत होती ना मला.

आमच्याकडे मोटार स्कूलमध्ये गाडी शिकायला निघालेल्यांना काय अनुभव येतो, ते जाणकारांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. सकाळी सर गाडी घेऊन दारात येतात. गाडीत आधीच तीन शिकाऊ बसलेले असतात. ते मागच्या सीटवर बसून तुमच्या चुका मोजतात, कारण आपली पाळी येईपर्यंत दुसरी करमणूक नसते. सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. सर म्हणतात, "तुमी फक्त स्टेअरिंग सरळ धरा मॅडम, बाकीचं माह्याकडं." आणि बाकीचं खरोखरच त्यांच्याकडे असतं. मग गाडी सरांचं दूध घ्यायला जाते, त्यांच्या मुलीला ट्यूशनला सोडते, गॅसचं सिलिंडर डिकीत घेते. सर एका हाताने फोन धरून कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीबद्दल बोलत असतात. बाजूचे आरसे मिटलेले असतात, कारण उघडे ठेवले तर कुणाला लागतात. मागचं कळायला सर आहेत.

गतिरोधक आला की गाडी आपोआप मंद व्हायची. म्हैस आडवी आली की थांबायची. गाडीलाच तेवढी अक्कल असावी, असं मी धरून चालले होते. माझे पाय कुठे होते, हे मला आज आठवत नाही. बहुधा एकमेकांवर होते.

लायसन मिळालं त्याचा समारंभ झाला. महिला दिन होता. मंगल कार्यालयात 'सारथी' असं लिहिलेला फ्लेक्स, त्यावर सरांचा फोटो आमच्या सगळ्यांच्या एकत्र फोटोपेक्षा मोठा. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, ड्रायव्हरच्या गाडीतून उतरले, आणि स्त्रीच्या हाती आता देशाचं स्टेअरिंग आहे असं म्हणाले. पायांविषयी तेही काही बोलले नाहीत. आम्हाला शाल, नारळ आणि पुठ्ठ्याचं भलं मोठं लायसन देऊन फोटो काढले. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळ्या सारथी आपापल्या नवऱ्याच्या, भावाच्या, बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी गेलो. नारळ मांडीवर होता.

वेल्समध्ये गाडी शिकवायला जी बाई आली तिचं नाव जीन. पूर्वी ती बस चालवायची. मला गाडी येते, फक्त इथली सवय करून घ्यायची आहे, असं मी तिला फोनवर सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "चल मग, निघू या." मी स्टेअरिंग सरळ धरलं आणि वाट पाहिली. जीनही वाट पाहत होती. तिचे हात मांडीवर होते आणि बाहेर पाऊस पडत होता. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं की आपण कुणासाठी थांबलोय का.

तिच्या बाजूलाही ब्रेक होता. पण तिने पहिल्याच दिवशी बजावलं, हा ब्रेक मला दाबावा लागला, तर तू नापास. आमच्याकडे तो ब्रेक सरांनी दाबला म्हणून मी पास झाले होते.

मी शिकले. तोवर कामावर दुसऱ्या नर्सच्या गाडीतून जायचे. क्लच सोडताना गाडी उड्या मारायची. समोर दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं, ही जीनची पद्धत. घाबरले की मी बोलायची ते वऱ्हाडीत. "म्हातारी येऊन राह्यली, म्हातारी येऊन राह्यली." जीनला त्यातलं अक्षर कळत नसे, पण म्हातारी तिलाही दिसत असे.

वर्ष संपत आलं तेव्हा परीक्षा दिली. वळणं घेतली, उतारावर थांबले, गाडी मागे घेतली. शेवटी बाजारापाशी झेब्रा पट्ट्यांवर एक म्हातारा चाकांचा वॉकर ढकलत उतरला. मला तो दिसला. अगदी नीट दिसला. आणि गाडी थांबेल अशी मी वाट पाहिली. एका क्षणाचीच, पण पाहिली. ब्रेक परीक्षकाने दाबला. गाडी म्हाताऱ्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि त्या माणसाने हात वर करून माझे आभार मानले.

परीक्षकाने सभ्यपणे मला नापास केलं. मला मात्र अजून त्या म्हाताऱ्याचा तो हात दिसतो. कारण मी काय करणार होते ते त्याला कळलंच नव्हतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते आधी थक्क झाले. इतकी वर्षं लायसन असलेल्या पोरीला नापास करतात म्हणजे तिकडचेच लोक कच्चे असणार. मग धीर देत म्हणाले, "थांब, सरले फोन करतो. काही वळख निंघत असन त्यायची तिकडं." मी फोन ठेवला. सरांची ओळख वेल्सपर्यंत पोचेल याची मला भीतीच वाटली.

ऑफिसने सहा आठवडे वाढवून दिले. दुसऱ्या वेळी पास झाले. हा पराक्रम नाही, उशीर आहे. आता मी रोज डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून बर्फातही जाते. पण त्या दिवशीचा राग गेलेला नाही, आणि तो सरांपुरताही राहिलेला नाही. तो पुठ्ठ्याच्या लायसनवर आहे, त्याच्यासाठी वाजलेल्या टाळ्यांवर आहे, आणि फोटोत माझ्याच चेहऱ्यावर जे हसू आहे त्याच्यावर आहे.

यंदा उमरखेडला गेले तर वहिनी सरांकडेच गाडी शिकत होती. महिन्याभरात ती मुलांना शाळेत सोडणार, असं भावाने ठरवूनही टाकलं होतं. सर म्हणे तिची फार स्तुती करतात. "म्हणे, तुमचा हात लय साफ आहे मॅडम," ती लाजत म्हणाली.

"आन् पाय?"

"पायाचं काय? पाय तर सरचे राह्यते."

मी भावाकडून गाडीची किल्ली मागितली. तो म्हणाला, तुला इकडची सवय राहिलेली नाही, मी येतो सोबत. बाबा म्हणाले, राहू दे, सरांना बोलावू. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण किल्ली मिळाली.

फुलसावंगीच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी थांबवली आणि वहिनीला चालवायला बसवलं. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. गाडी दर थोड्या वेळाने आचका देऊन बंद पडत होती, आणि प्रत्येक वेळी ती माझ्या पायांकडे पाहायची. मी पाय सीटवर घेऊन मांडी घातली.

तिकडे काही खुपलं तर मी तक्रार लिहिते, उत्तर येतं, विसरून जाते. राग असा येतच नाही. तो फक्त इथला येतो. आणि घर कुठलं असं कुणी विचारलं, तर जिथला राग येतो ते, एवढंच मला आता सांगता येतं.

मागे कापसाचा ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला. ड्रायव्हर उतरून वहिनीच्या खिडकीशी आला, आत मांडी घालून बसलेल्या मला पाहून जरा गोंधळला, आणि म्हणाला, "सरका वहिनी, मी काढून देतो गाडी."

वहिनीने किल्ली फिरवली. गाडी पुन्हा बंद पडली.

"तुमी बाजूनं काढा दादा," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मले वेळ लागते."