कार्ल्याची तयारी

सुकापूरहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी रोज सकाळी फिरायला जातो. गेल्या वर्षी तिथे एक पन्नाशीतले गृहस्थ भेटायचे. तोंडाला मास्क, आणि उजवा हात ओटीपोटावर अलगद ठेवलेला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. विजेच्या प्रत्येक खांबापाशी थांबून दम घ्यायचे, मग पुढे निघायचे.

एकदा आम्ही एका पारावर शेजारी टेकलो, तेव्हा ते बोलले. बायकोने त्यांना आपली किडनी दिली होती. बरं वाटलं की दोघांनी पालखीबरोबर कार्ल्याच्या एकवीरेला चालत जायचं, असा तिचा नवस होता. पण वर्षाच्या आत तीच डेंग्यूने गेली. आता ते एकटेच चैत्रातल्या पालखीसाठी चालायची सवय करत होते.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"माझं अंग तिची किडनी धरत नाय म्हनतात. कवा बंद पडंल सांगता येत नाय." त्यांनी ओटीपोटावरच्या हाताकडे पाहिलं. "तिचं एवढंच ऱ्हायलंय माझ्याकडं. ही चालू हाय तवर तिला डोंगर चढवायचाय."

चैत्रात पालखी निघाली तेव्हा मी मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. सगळे चेहरे पाहिले. ते नव्हते.

नंतर एकदाच, पनवेलमध्ये एका डायलिसिस सेंटरच्या पायरीवर बसलेले दिसले. मी विचारलं, "फिरायला येत नाही हल्ली?"

त्यांनी मान वर केली.

"आता कोनाला घेऊन चालू?"