दगडासाठी तेल सोडलेली आत्या

वर्षभर टाळलं हे लिहायचं. आत्या गेली, हे मोबाईलवर टाईप करायला बोटं तयार नव्हती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. खाली अंगणात खुर्च्या मांडायलेत. मला कुणी काम सांगेना, म्हणून गच्चीवर बसून लिहायलोय.

सुमनआत्या. माझ्या बापाची मोठी बहीण. परभणीत शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली. मी कॉलेज अर्धवट सोडून भटकायचो (आजही भटकतो, परवा देवगाव फाट्यावर उतरलो, पुढं कुठं जायचं तेच ठरलं नव्हतं, असो). परत आलो की जेवायला तिच्याकडेच.

जेवताना ती एकच गोष्ट सांगायची.

नामांतराच्या वर्षांतली. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा तापलेला, आणि ही औरंगाबादला एमएस्सीला. एका दगडाच्या मागं.

आपल्याकडचा काळा दगड नाही, तो लाव्हाचा. हा तिच्या सरांनी दक्षिणेकडून आणलेला, जुन्या समुद्राच्या तळाशी थराथरानं साचलेला. त्यात तिला ऊन खाऊन जगणारे जिवाणू शोधायचे होते. पृथ्वीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, तेव्हाचे.

"ते तर कधीच मेले की," मी म्हणायचो.

"जीव जातो रे. पेशीच्या पडद्यातली चरबी दगडात मुरते. चरबीलाबी सांगाडा असतो, तो कोट्यवधी वर्षं टिकतो. त्यावरून ओळखायचं, इथं कोण जगून गेलं."

तिनं दगडाची पूड केली, चरबी काढली, कशात काय किती हे कागदावर रेघेनं काढणाऱ्या मशिनला लावली. कागदावर सगळ्यात उंच डोंगर उमटला, तो आत्याच्या डोक्याच्या तेलाचा.

सर म्हणाले, "सुमनबाई, हा जीव फार जुना दिसत नाही. याला वेणी आहे."

लॅबभर हशा.

त्या दिवसापासून आत्यानं तेल सोडलं. दगड परत मशिनला लावायचा होता.

आणि तशीच, ज्वारीचं पीठ न्यायला, गावाकडं पोखर्णीला घरी आली.

माझा बाप तेव्हा नामांतराच्या मोर्चाला गेलेला. कैक दिवस खबर नव्हती.

आजीनं दारात कोरड्या केसांची लेक बघितली आणि खालीच बसली. धर्मांतरानंतर आमच्या घरातलं सुतक, त्यात डोक्याला तेल न लावणं, गेलं होतं. कोरड्या डोक्याची भीती मात्र राहिली होती.

"माझा लेक गेला का गं?"

"कोणी गेलं न्हाई, आई. दगडासाठी तेल सोडलंय."

"दगड तुझा कोण लागतो?"

रडता रडता आजीनं तेल कोमट केलं आणि वाटीभर तिच्या डोक्यावर ओतलं.

"नको म्हणणार होते," आत्या सांगायची. "पण तिचं रडणं बघवेना. डोकं पुढं केलं."

बाप दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी आला. पण केसातलं तेल उतरायच्या आत जाळपोळ सुरू झाली. रस्ते बंद, विद्यापीठ बंद. आजीनं तिला परत जाऊ दिलं नाही. मग नोकरी लागली, मग आम्ही सगळे झालो.

दगड तिकडंच राहिला.

पदवीचं तिला काही वाटायचं नाही. एवढंच विचारायची, "माझ्या तेलाच्या मागं त्यात दुसरं कुणी होतं का रे?"

मी भात कालवत राहायचो.

आता तोच प्रश्न मला एसटीच्या खिडकीत गाठतो. मागच्या महिन्यात एका तळ्याच्या काठी हिरवट साय दिसली, ऊन खात पसरलेली. सवयीनं आत्याला फोन लावला. तिचा मोबाईल आई अजून चार्ज करून ठेवते, रिंग खालच्या कपाटात वाजली असणार.

आत्या, जेवायला कुणाकडं जाऊ आता?

तुला अभिवादन.

इथंच थांबतो. खालून आई हाका मारायलीय. औरंगाबादहून एक वयस्क बाई आल्यात, आमच्यात कुणीच ओळखत नाही त्यांना. म्हणतात, सुमन गावी गेली ती परत आली नाही, तेव्हा लॅबमधल्या तिच्या टेबलाशी मी बसले, तो दगड परत मशिनला मीच लावला.