बाग कुणाची होती

“ओ भाऊसाहेब, गाडीला ब्रेक हाय का नाय?”

द्राक्षबागेच्या बांधावरून मावशींची ही हाक आली की थांबायचं. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला टॉवेल, हातात कात्री. निफाड तालुक्यातल्या त्या गावात मी नऊ वर्षं कृषी सहायक होतो. तेवढ्या वर्षांत मावशींचं फाटक न थांबता ओलांडलेला माणूस मी पाहिला नाही. पोस्टमन थांबे, शाळेच्या बाई थांबत. एकदा तर त्यांनी एसटी थांबवली. कुठं जायचं नव्हतं. ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न जमलं का, एवढंच विचारायचं होतं. जमलं म्हटल्यावर त्यांनी खिडक्याखिडक्यांतून अख्ख्या गाडीला द्राक्षं वाटली.

बागेच्या कामाला पेठकडच्या डोंगरातल्या आदिवासी बायका यायच्या. बाकीच्या मळ्यांत त्यांना नुसतं ‘लेबर’ म्हणत. मावशींना प्रत्येकीच्या पोरांची नावं पाठ. नातीला शेजारी उभी करून त्या विरळणी शिकवत, “मणी इरळ कर बाई. घडाला गर्दी चालत नाय. माणसाला लागती.”

तुम्ही म्हणाल, अशी बोलघेवडी आजी आमच्याही गावात आहे. असेल. पण ‘बोलघेवडी’ म्हणून तिथंच थांबू नका. सगळे तिथंच थांबले, त्याचाच मला राग आहे.

एका वर्षी बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पावसाचं आभाळ आलं. मी म्हटलं, फवारणीला दोन दिवस थांबू. मावशींनी एक पान उलटं करून माझ्यापुढं धरलं. मला काही दिसेना.

“तुम्हाला दिसंल तवा उशीर झालेला आसंल,” त्या म्हणाल्या. “आजच मारायचं औषध.”

त्यांनी मारलं, आणि शेजारच्या चार बागाईतदारांना दटावून मारायला लावलं. माझं ऐकून जे थांबले, त्यांचे घड आठवड्यात कुजले. छाटणी कधी, पाणी किती, खत कोणतं, हे सगळं मावशी ठरवत. त्यांचे मालक, तात्या, शांत माणूस. ते म्हशी बघत.

मग तो पुरस्कार आला. तालुक्यातून एका प्रगतिशील शेतकऱ्याचं नाव पाठवायचं होतं. मी त्यांच्या ओट्यावर बसून फॉर्म भरला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मावशींनी दिलं. ‘शेतकऱ्याचे नाव’ या रकान्यात मी तात्यांचं नाव लिहिलं. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून. हात अडखळलासुद्धा नाही.

“काय काय लिव्हलं?” त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

“बरं,” म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

समारंभ नाशकात, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये झाला. तात्या फेटा बांधून स्टेजवर, मावशी पाचव्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. एका अधिकाऱ्याने माइकवरून विचारलं, “अवकाळीतही बाग वाचवलीत, कशी?” तात्या गोंधळले. मग खरं ते बोलले, “तिला इचारा. ती बघती सगळं.”

“गृहमंत्र्यांच्या परवानगीशिवाय बोलत नाहीत वाटतं!” निवेदक म्हणाला. हॉल हसला. मावशी उभ्या राहून सांगू लागल्या, खणखणीत आवाजात, पान कसं उलटून बघायचं ते. दोन वाक्यंही झाली नाहीत.

“ताई, बसून घ्या. वेळ कमी आहे.”

त्या बसल्या. शेवटी त्यांना फोटोपुरतं वर बोलावलं आणि खण-नारळ हातात दिला.

परतीच्या गाडीत मी त्या निवेदकाला शिव्या घालत होतो. निफाड येईपर्यंत मावशी मांडीवरचा नारळ फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, कागदावर नाव तुम्हीच लिव्हलं ना?”

“हो.”

“मंग त्याच्यावर कशाला चिडता?”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घ्यायला काय लागतं, विचारलं. मी अर्ज आणला. तात्यांनी लगेच सही केली. नाशकात नोकरीला असलेला थोरला मुलगा मात्र उखडला.

“आई, ह्या वयात हे काय काढलंस? तुझं नाव लावून द्राक्षं गोड होणारेत का?”

“तुझं लावून होणारेत का?”

अर्ज घेऊन त्या सहा वेळा कचेरीत गेल्या. कधी आधारवरच्या नावात एक अक्षर वेगळं, कधी साहेब मीटिंगला. प्रत्येक वेळी रांगेतल्या दोन नव्या बायका ओळखीच्या करून परत यायच्या. मला म्हणायच्या, “मी दमायची वाट बघत्यात ते. दमत नाय मी.”

जानेवारीत, माल तोडायला आलेला असताना, सकाळी दहाच्या सुमारास त्या वेलींच्या दोन ओळींमधे खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. पेठच्या बायकांनी त्यांना हातांवर उचलून रस्त्यापर्यंत आणलं. अर्ज तेव्हाही कुणाच्या तरी टेबलावर पडून होता.

दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर मोठी गर्दी. एक पुढारी माइक धरून बोलत होते, “पतीच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिलेली, चूल आणि मूल सांभाळणारी ही माउली...” उठावं, माइक घ्यावा, सांगावं असं वाटत होतं. पण माझे वरिष्ठ पहिल्या रांगेत बसलेले. मी नाही उठलो. तो राग अजून गिळता येत नाही.

पेठच्या बायका पार मागं, पायरीवर बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी एकदम उभी राहिली. मोठ्यानं म्हणाली, “कोनाची गोष्ट सांगतोय हा? आमच्या बाईची नाय ही.” आणि पदर झटकून चालू लागली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या उठल्या. भाषण चालूच होतं. मुलगा “बसा, बसा” म्हणत राहिला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तात्या उठले. पुढाऱ्याकडं, मुलाकडं, कुणाकडंही न बघता गर्दीतून वाट काढत वर, बायका चढत होत्या त्या पिकअपपाशी गेले. पिकअपच्या मागच्या फळीला त्यांचा पाय पोचेना. त्या म्हातारीनं हात देऊन त्यांना वर घेतलं. बायकांनी सरकून जागा केली, आणि गाडी बागेकडं निघाली.